विंडोज सर्व्हर, एनटी ३.१ ते २०२५: कोणत्या आवृत्तीने काय आणलं आणि काय मागे ठेवलं?

कोष्टी (धागाकर्ता)

आमचं डोमेन (एकाच ठिकाणाहून सांभाळली जाणारी खाती आणि संगणक) २००३ सर्व्हरवर जन्मलेलं. पुढे २००८ आर२ आला, मग २०१२ आर२. आज दोन डोमेन कंट्रोलर (डीसी, म्हणजे खाती सांभाळणारे आणि लॉगिन तपासणारे सर्व्हर), दोन्ही २०१२ आर२, दोन्ही व्हर्च्युअल. एक फाइल सर्व्हर आणि तीन-चार जुनी ॲप्लिकेशन्स एलडॅपने (डिरेक्टरीला विचारण्याच्या प्रोटोकॉलने) लॉगिन तपासतात.

२०१२ आर२ चा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. पैसे भरून मिळणारे सुरक्षा पॅचसुद्धा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यामुळे थेट २०२५ वर जायचा विचार आहे. मायक्रोसॉफ्टच्या तक्त्यात २०१२ आर२ वरून २०२५ ला जागच्या जागी अपग्रेड चालतं असं स्पष्ट आहे. मग सरळ आयएसओ (इन्स्टॉलेशनची डिस्क-फाइल) जोडून सेटअप चालवावा का?

दुसरं म्हणजे, प्रत्येक आवृत्तीत नेमकं काय बदललं आणि त्यातलं आज कुठे आडवं येतं, हे मराठीत एका जागी मिळत नाही. जाणकारांनी या धाग्यात भर घालावी.

गाभारा

सेटअप चालवू नका. तक्ता खरा आहे, पण तो साध्या सर्व्हरसाठी. डोमेन कंट्रोलरला दुसरी एक अट लागते आणि ती त्या तक्त्यात नाही.

पूर्वी एका उडीत जास्तीत जास्त दोन आवृत्त्या ओलांडता यायच्या. २०२५ पासून चार ओलांडता येतात, म्हणून २०१२ आर२ ते २०२५ चालतं. गंमत अशी की २०१२ आर२ ते २०२२ ही उडी मात्र बसत नाही. २०२२ ला फक्त २०१६ आणि २०१९ वरून जाता येतं.

आता दुसरी अट. २०२५ चा डोमेन कंट्रोलर बसवायचा तर डोमेन आणि फॉरेस्ट (एकत्र बांधलेल्या डोमेनांचा समूह) दोन्हींची फंक्शनल लेव्हल (डीसी किमान कोणत्या आवृत्तीचे हवेत ते ठरवणारी पातळी) किमान २०१६ हवी. आणि लेव्हल २०१६ करायची तर डोमेनमध्ये २०१२ आर२ चा एकही डीसी उरता कामा नये. तुमच्याकडे दोन्ही २०१२ आर२ आहेत. म्हणजे मधला टप्पा अटळ: आधी २०२२ चे दोन नवे डीसी, जुने दोन डीसीपदावरून खाली उतरवायचे (डिमोट), लेव्हल २०१६ करायची, आणि मग २०२५.

२०१९ आणि २०२२ ला स्वतःची वेगळी लेव्हल नाही. दोघांचीही सर्वांत वरची लेव्हल २०१६ हीच. मेनूमध्ये '२०२२' शोधत बसू नका, ती नसतेच. नवी लेव्हल थेट २०२५ मध्येच आली.

सध्याच्या लेव्हल काय आहेत आणि सिसव्हॉल (सगळ्या डीसींवर सारखं ठेवलं जाणारं फोल्डर) कशावर चालतं ते आधी सांगा. डीएफएसआर-मिग ही आज्ञा गेट-ग्लोबल-स्टेट पर्यायासह चालवा आणि जे येईल ते इथे टाका.

दीपमाळ

तोपर्यंत मुळापासून.

एनटी ३.१ जुलै १९९३ मध्ये आलं. '३.१' हा आकडा फक्त त्या वेळच्या विंडोज ३.१ शी जुळावा म्हणून. आतलं सगळं नवीन होतं. डिजिटल इक्विपमेंटमधून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने ते लिहिलं. एनटीएफएस तिथूनच सुरू होते. ३.५ आणि ३.५१ मध्ये वेग आणि स्थैर्य सुधारलं, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

१९९६ च्या एनटी ४.० मध्ये विंडोज ९५ चा चेहरा आला आणि ग्राफिक्सचा भाग वेगासाठी कर्नलमध्ये नेला. डोमेन तेव्हाही होतं, पण एक प्रायमरी आणि बाकी बॅकअप कंट्रोलर. लिहिण्याचा अधिकार फक्त प्रायमरीला. तो बंद पडला की कुणाचा पासवर्डही बदलत नसे. सगळी खाती सॅम नावाच्या एका फाइलमध्ये, आणि ती ४० एमबीच्या पुढे नेऊ नये असा संकेत होता. म्हणजे साधारण ४०,००० खाती. मोठ्या संस्था म्हणूनच चार-पाच डोमेन करून त्यांच्यात विश्वासाची नाती जोडत बसायच्या.

१७ फेब्रुवारी २००० ला विंडोज २००० आलं आणि हा सगळा पायाच बदलला. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या खात्यांची आणि संगणकांची नोंद), केर्बेरॉस (तिकिटांवर चालणारी लॉगिन पद्धत), ग्रुप पॉलिसी (संगणकांना एका जागेवरून लावायच्या सेटिंग्ज), आणि कोणत्याही डीसीवर लिहिता येणारं रेप्लिकेशन (बदल बाकीच्या डीसींकडे पोहोचवणं). जे काम दोघांनी एकाच वेळी केलं तर घोळ होईल, तेवढ्या पाच भूमिका एकेकाकडे ठेवल्या: स्कीमा मास्टर आणि डोमेन नेमिंग मास्टर फॉरेस्टमध्ये एकेक, तर पीडीसी एम्युलेटर, रिड मास्टर आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर प्रत्येक डोमेनमध्ये एकेक. आज आपण जे चालवतो ते याच आराखड्यावर. डीसी शोधायचं काम डीएनएसकडे गेलं तेही तेव्हाच. आजही डोमेनचा निम्म्याहून जास्त त्रास डीएनएसच्या चुकीच्या नोंदीत सापडतो, त्याचं मूळ २००० मधल्या या निर्णयात आहे.

कोष्टी

मिळालेली माहिती:

डोमेन लेव्हल: २००८ आर२
फॉरेस्ट लेव्हल: २००३
स्कीमा (डिरेक्टरीचा आराखडा): ६९
डीएफएसआर-मिगचं उत्तर: स्थलांतर अजून सुरू झालेलं नाही.

रानवारा

म्हणजे तुमचं सिसव्हॉल अजून एफआरएसवर (जुन्या फाइल रेप्लिकेशन सर्व्हिसवर) आहे. या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच.

लॉगऑन स्क्रिप्ट आणि ग्रुप पॉलिसीच्या फाइल्स डीसीवर सिसव्हॉल नावाच्या फोल्डरात असतात आणि त्या सगळ्या डीसींवर सारख्या राहाव्या लागतात. विंडोज २००० ने हे काम एफआरएसला दिलं. ती संपूर्ण फाइल पाठवते आणि एनटीएफएसच्या नोंदवहीवर अवलंबून असते. नोंदवही भरून उलटली की इव्हेंट १३५६८ येतो आणि त्या डीसीचं सिसव्हॉल तिथेच गोठतं. एफआरएसची जागा घेणारं डीएफएसआर २००३ आर२ मध्ये आलं, पण सिसव्हॉलसाठी ते वापरता येऊ लागलं २००८ च्या डोमेन लेव्हलपासून. ते आपोआप होत नाही. लेव्हल वर नेणारे पुष्कळ जण इथेच थांबतात, म्हणून २००३ वर जन्मलेल्या डोमेनमध्ये एफआरएस वर्षानुवर्षं तसंच राहतं.

२०१६ पर्यंत हे खपून गेलं. २०१९ पासून एफआरएस काढूनच टाकलं आहे. २०२२ चा सर्व्हर प्रमोट करायला (डीसी बनवायला) गेलात तर अट तपासतानाच अडवेल.

एफआरएसवरून डीएफएसआरवर स्थलांतराची पद्धत:

दोन्ही डीसींचे सिसव्हॉल आधी एकमेकांशी ताडून पाहा. पॉलिसीज फोल्डरातल्या उपफोल्डरांची संख्या आणि फाइल्सच्या तारखा दोन्हीकडे सारख्या हव्यात. फरक असेल तर आधी एफआरएस दुरुस्त करा: ज्याची प्रत खरी धरायची त्यावर बर-फ्लॅग्ज (रजिस्ट्रीतली नोंद) डी४, दुसऱ्यावर डी२. बिघडलेल्या एफआरएसवर स्थलांतर सुरू केलं तर बिघाडच नव्या जागी जातो. सिसव्हॉलची पूर्ण दुसरी प्रत तयार होणार आहे, तेव्हा डिस्कवर तेवढी जागा आहे का तेही बघा.

मग पीडीसी एम्युलेटरवरून सेट-ग्लोबल-स्टेट १, म्हणजे 'प्रिपेअर्ड'. सिसव्हॉल-डीएफएसआर नावाचं नवं फोल्डर बनतं, पण काम अजून जुन्यावरच चालू असतं. गेट-मायग्रेशन-स्टेट चालवत राहा. सगळे डीसी पोहोचले असं येईपर्यंत पुढे जाऊ नका. दोनच डीसी एकाच साइटमध्ये असले तर सहसा थोडाच वेळ लागतो. लॉगमध्ये इव्हेंट ८०१४ दिसला पाहिजे.

मग स्टेट २, 'रिडायरेक्टेड'. आता क्लायंट नव्या फोल्डराकडे जातात. इव्हेंट ८०१७. इथे एक-दोन दिवस थांबा. पॉलिसी लागते आहे का, लॉगऑन स्क्रिप्ट चालते आहे का, एखादी चाचणी फाइल एका डीसीवर टाकली की दुसऱ्यावर दिसते का, हे बघा. इथपर्यंत मागे फिरता येतं.

स्टेट ३, 'एलिमिनेटेड', इव्हेंट ८०१९. यानंतर परत येणं नाही. या सगळ्या काळात ग्रुप पॉलिसीत कुणीही बदल करू नये.

एक खबरदारी. स्टेट ३ नंतर काम संपलं असं समजू नका. डीएफएसआरचा एखादा डीसी ६० दिवसांपेक्षा जास्त काळ रेप्लिकेशनपासून तुटलेला राहिला, तर इव्हेंट ४०१२ टाकून तो गप्प बसतो. लॉगिन चालू राहतं, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. नव्या पॉलिसी तेवढ्या त्या डीसीकडून मिळेनाशा होतात. हा इव्हेंट देखरेखीच्या यादीत घालाच.

गाभारा

फॉरेस्ट लेव्हल २००३ आहे तेही बदलावं लागेल. २०१९ आणि २०२२ च्या डीसीला किमान २००८ लागते. दोन्ही डीसी २०१२ आर२ असल्याने डोमेन आणि फॉरेस्ट थेट २०१२ आर२ वर नेता येतील. 'जुना डीसी अजून आहे' असा नकार आला, तर कधीकाळी नीट डिमोट न करता फेकून दिलेल्या एखाद्या सर्व्हरची नोंद डिरेक्टरीत अडकली आहे असं समजा. 'साइट्स अँड सर्व्हिसेस'मधून ती साफ करा. डीएनएसमधल्या त्याच्या एनएस आणि एसआरव्ही नोंदी वेगळ्या शोधाव्या लागतात.

स्कीमाचे आकडे हाताशी असू द्या: २००० चा १३, २००३ चा ३०, २००३ आर२ चा ३१, २००८ चा ४४, २००८ आर२ चा ४७, २०१२ चा ५६, २०१२ आर२ चा ६९, २०१६ चा ८७, २०१९ आणि २०२२ दोन्हींचा ८८, २०२५ चा ९१. तुमचा ६९ वरून ८८ आणि नंतर ९१ होईल. २०१२ पासून प्रमोट करतानाच स्कीमा आपोआप वाढतो. फक्त प्रमोट करणारं खातं स्कीमा ॲडमिन्स आणि एंटरप्राइज ॲडमिन्समध्ये हवं. काम झालं की ते खातं त्या गटांतून काढा.

दीपमाळ

२००३ चा मागे राहिलेला गाळ आणखी दोन ठिकाणी बघा.

पहिला, टूम्बस्टोन लाइफटाइम. पुसलेली वस्तू किती दिवस 'मृत' म्हणून जपायची तो आकडा. २००० आणि मूळ २००३ मध्ये तो ६० दिवस होता. २००३ सर्व्हिस पॅक १ वर नव्याने उभारलेल्या फॉरेस्टमध्ये १८०. पण जुन्या फॉरेस्टमध्ये तो आपोआप वाढत नाही. एडीएसआय एडिटमध्ये तिथे 'नॉट सेट' दिसलं तर त्याचा अर्थ ६०. म्हणजे ६१ दिवसांचा सिस्टिम स्टेट बॅकअप निरुपयोगी, आणि तेवढे दिवस बंद ठेवलेला डीसी पुन्हा चालू करायचा नाही. १८० करून घ्या.

दुसरा, ग्रुपचे सभासद. २००० मध्ये ग्रुपचा एक सभासद बदलला तरी संपूर्ण यादी रेप्लिकेट व्हायची, म्हणून ५,००० सभासदांची मर्यादा सांगितली जायची. फॉरेस्ट लेव्हल २००३ ने प्रत्येक सभासद वेगळा पाठवणं सुरू केलं. त्याआधी घातलेले सभासद मात्र जुन्याच पद्धतीने राहतात. रेपॲडमिनच्या शो-ऑब्जेक्ट-मेटामध्ये त्यांच्यापुढे 'लेगसी' असं येतं. काढून परत घातले की सुधारतात.

पाणकळा

केर्बेरॉसचं कुणी बोललं नाही अजून. २०२५ वर जाणाऱ्याने हे आधी बघावं.

डोमेन लेव्हल २००३ वरून २००८ किंवा वर नेली की केआरबीटीजीटी (केर्बेरॉसच्या तिकिटांमागच्या) खात्याचा पासवर्ड बदलतो आणि एईएस हे एन्क्रिप्शन सुरू होतं. पण बाकीच्या खात्यांच्या एईएस किल्ल्या पासवर्ड बदलेल तेव्हाच तयार होतात. 'पासवर्ड कधीच संपत नाही' अशी खूण केलेलं २००७ मधलं सर्व्हिस खातं असेल तर त्याच्याकडे फक्त जुन्या आरसी४ एन्क्रिप्शनची किल्ली. २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या पॅचने एईएसला प्राधान्य दिलं तेव्हा अशीच खाती कोलमडली.

शोधायची युक्ती: 'रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर्स' हा गट डोमेनमध्ये २००८ च्या काळात तयार होतो. त्या गटाची निर्मितीची तारीख बघा. ज्या खात्यांचा पासवर्ड त्याआधी शेवटचा बदललाय ती सगळी संशयित. प्रत्येकाचा पासवर्ड एकदा बदला, ज्या सर्व्हिसमध्ये तो भरलाय तिथेही. स्थलांतराच्या महिनाभर आधी, हळूहळू.

२०२५ मध्ये एनटीएलएम या जुन्या लॉगिन पद्धतीची पहिली आवृत्ती पूर्ण काढली आहे. एसएमबी १ (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) तर २०१९ पासून बसवलेलंच नसतं. मार्च २०१७ मध्ये पॅच येऊनही मे मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअरने जे केलं त्यानंतर ते परत चालू करण्यात अर्थ नाही. आजच फाइल सर्व्हरवर एसएमबी १ चं ऑडिट सुरू करा. एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये इव्हेंट ३००० येईल, त्यात क्लायंटचा पत्ता असतो. बहुतेक वेळा तिथे स्कॅन करून फोल्डरात टाकणारी जुनी मल्टिफंक्शन मशिन सापडतात.

कोष्टी

डीसी व्हर्च्युअल आहेत तर अपग्रेडआधी स्नॅपशॉट (मशिनची त्या क्षणाची स्थिती) घेऊन ठेवावा का?

पाणकळा

बॅकअपच्या ऐवजी नाही. २००८ आर२ पर्यंत डीसीचा स्नॅपशॉट मागे फिरवणं म्हणजे हमखास नाश. डीसी आपल्या प्रत्येक बदलाला चढता क्रमांक देतो. मागे फिरवला की तो वापरलेलेच क्रमांक पुन्हा देतो, आणि 'हे माझ्याकडे आहेच' म्हणून बाकीचे डीसी नवे बदल घेत नाहीत. इव्हेंट २०९५ येतो, नेटलॉगऑन थांबतं, आणि तो डीसी जबरदस्तीने काढून टाकावा लागतो. २०१२ ने व्हर्च्युअल मशिनला ओळखक्रमांक देऊन हे सावरलं: स्नॅपशॉट फिरवलाय हे डीसीला कळतं आणि तो स्वतःला नव्याने जुळवून घेतो. पण त्यासाठी हायपरव्हायझरनेही (व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) तो क्रमांक पुरवायला हवा. आणि सगळेच डीसी एकदम मागे फिरवले तर जुळवून घ्यायला खरी प्रत उरत नाही. म्हणून दोन्ही डीसींचा सिस्टिम स्टेट बॅकअप.

गाभारा

आता प्रत्यक्ष क्रम. एफआरएस, लेव्हल आणि जुने पासवर्ड निपटल्यावरच.

एक. डीसीडायग (डीसी तपासणारी आज्ञा) आणि रेपॲडमिनचा रेप्लिकेशन सारांश पूर्ण स्वच्छ हवा.

दोन. २०२२ चे दोन नवे सर्व्हर, स्थिर आयपी, डीएनएस जुन्या डीसीकडे. सेटअपमध्ये कोअर (ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय) की डेस्कटॉप ते नीट निवडा. २०१२ मध्ये नंतर बदलता यायचं, २०१६ पासून नाही. चाचणीची, म्हणजे इव्हॅल्युएशनची प्रत वापरू नका. डीसी झाल्यावर ती पूर्ण परवान्यात बदलत नाही, आधी डिमोट करावं लागतं.

तीन. पॅच पूर्ण लावा, मग प्रमोट करा. नंतर डीएफएसआरच्या लॉगमध्ये ४६०४ आणि नेट शेअरमध्ये सिसव्हॉल व नेटलॉगऑन दिसेपर्यंत थांबा. हे दोन शेअर नसताना पुढे गेलेलं स्थलांतर उलगडायला फार त्रास होतो.

चार. पाचही भूमिका हलवा, नेटडॉमने खात्री करा. पीडीसी एम्युलेटर बदलला की वेळेचा स्रोतही बदलावा लागतो: नव्यावर बाहेरचा टाइम सर्व्हर, जुना परत डोमेनच्या साखळीत, आणि हायपरव्हायझरकडून वेळ घेणं बंद. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस लॉगिन नाकारतं.

पाच. डीएचसीपीच्या पर्याय ६ मध्ये नवे डीएनएस पत्ते. मग हाताने पत्ता भरलेल्या जागा: प्रिंटर, नॅस, फायरवॉल, इतर सर्व्हर. एलडॅप ॲप्लिकेशन्ससाठी रजिस्ट्रीत डायग्नोस्टिक्सखाली '१६ एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स' २ करा. इव्हेंट २८८९ मध्ये स्वाक्षरीशिवाय जोडणाऱ्या प्रत्येक क्लायंटचा आयपी आणि खातं येतं. ती यादी २०२५ च्या आधी शून्यावर आणायची, कारण २०२५ स्वाक्षरीबाबत कडक आहे.

सहा. जुने डीसी डिमोट करण्याआधी चार-पाच दिवस नुसते बंद ठेवा. काय ओरडतं ते कळतं. मग चालू करून, रेप्लिकेशन होऊ देऊन, रीतसर डिमोट.

सात. लेव्हल २०१६. त्यानंतर २०२५ चे डीसी, नव्याने बसवलेले. जागच्या जागी अपग्रेड का नको, त्याचं कारण डेटाबेसमध्ये आहे. २००० पासून डिरेक्टरीचं पान ८ केबीचं, त्यामुळे एका गुणधर्मात साधारण १,२०० मूल्यांवर मर्यादा यायची. २०२५ मध्ये पान ३२ केबीचं झालं आणि ती साधारण ३,२०० वर गेली. पण हे चालू करायला फॉरेस्टमधले सगळे डीसी त्या लायकीचे हवेत, आणि अपग्रेड केलेला डीसी आपला ८ केबीचाच डेटाबेस पुढे ओढतो. एक असा डीसी सगळ्यांना अडवतो.

रानवारा

२०२५ बद्दल दोन गोष्टी. रीस्टार्टनंतर डीसीवर फायरवॉलचं डोमेन प्रोफाइल न लागता भलतंच लागायचं आणि डीसी असून नसल्यासारखा व्हायचा. जून २०२५ च्या पॅचमध्ये हे दुरुस्त झालं. दुसरी जास्त गंभीर. २०२५ ने डेलिगेटेड मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट हा नवा खातेप्रकार आणला. एखाद्या ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या खात्यांच्या कप्प्यात) अशी खाती तयार करण्याचा अधिकार असलेला साधा वापरकर्ताही त्यातून डोमेन ॲडमिनपर्यंत पोहोचू शकायचा. डोमेनमध्ये २०२५ चा एक डीसी असला तरी पुरे. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅच आला. म्हणून पॅच न लावलेली आयएसओ घेऊन प्रमोट करू नका, आणि ओयूवर कुणाला काय अधिकार दिलेत तेही एकदा तपासा.

आणि २०२२ चे डीसी असतील तेव्हा पॅच वाटणाऱ्या साधनावर लक्ष ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये २०२५ चं पूर्ण अपग्रेड काही साधनांनी साधा पॅच समजून बसवलं होतं. 'फीचर अपडेट' या वर्गाला आपोआप मंजुरी नको.

दीपमाळ

मधल्या आवृत्त्या राहिल्या. २००८ ने सर्व्हर कोअर आणि हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशिनसाठी) दिलं, आणि ३२ बिटमध्ये मिळालेली ती शेवटची. २००८ आर२ ने पुसलेली वस्तू परत आणणारी रीसायकल बिन दिली. ती आपोआप चालू नसते, फॉरेस्ट लेव्हल वाढली की लगेच करा. २०१२ ने एसएमबी ३ आणि डीडुप (सारखा डेटा एकदाच साठवणं). २०१६ पासून परवाने कोअरवर आले: प्रोसेसरमागे किमान ८, सर्व्हरमागे किमान १६. २०१९ ऑक्टोबर २०१८ मध्ये आलं, फाइल्स पुसल्या जाण्याच्या दोषामुळे मागे घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये परत आलं. त्याच्यातली स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस तुमच्या फाइल सर्व्हरसाठी बघा: शेअर, परवानग्या आणि शेवटी नाव-पत्तासुद्धा नव्या सर्व्हरवर नेते, स्रोत २००३ चा असला तरी.

कोष्टी

एसएमबी १ चं ऑडिट सुरू केलं, एकच मशिन सापडलं. एक ॲप्लिकेशन मेल पाठवायला विंडोजचंच एसएमटीपी फीचर वापरतं. ते पुढे चालेल?

गाभारा

२०२२ वर चालेल. २०२५ मध्ये ते फीचर काढून टाकलंय आणि त्याला पर्यायही दिलेला नाही. ते ॲप्लिकेशन डीसीवर नसेल तर तेवढा सर्व्हर २०२२ वर ठेवा. मेंबर सर्व्हर कोणत्या आवृत्तीचा आहे याने फंक्शनल लेव्हल अडत नाही. २०२२ चा आधार १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे, तोवर मेल दुसऱ्या रिलेकडे वळवा. आणि कॅल (सर्व्हर वापरणाऱ्यांचे परवाने) २०२५ चे घ्या. नव्या कॅलवर जुना सर्व्हर वापरता येतो, उलट चालत नाही.